पांढऱ्या दोऱ्याचा डबा

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, हे फळ्यावर सिद्ध करून दाखवायला मला बारा मिनिटं लागतात. त्या दिवशी सातवं मिनिट चालू असताना पोटात पहिली कळ आली.

नववी ब चा वर्ग होता. मागचा बाक रिकामा करून तिथं तपासणी पथकाचे तीन अधिकारी बसले होते. त्यांच्या शेजारी आमचे मुख्याध्यापक बारबोले सर. माझी नोकरी दोन वर्षांच्या प्रोबेशनवर होती आणि त्यातले एकवीस महिने संपले होते. नमुना पाठ कोण घेणार, असं पथकानं विचारल्यावर बारबोले सरांनी माझंच नाव सांगितलं होतं. "उपळेकर घेतील. पोरगं हुशार आहे."

"तर ही रेषा आपण पायाला समांतर काढली," मी म्हणालो, आणि दुसरी कळ आली.

ज्यांना हे दुखणं नाही त्यांना ती कळ कशी असते ते सांगणं अवघड आहे. ती नुसती दुखत नाही, ती मुदत देते. तीन मिनिटं, फार तर चार. कपाळाला घाम येतो, कान गरम होतात, समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येतं पण कळत नाही.

"सर, आता कोन कुठले समान झाले ते मुलांना विचारा की," मागून एक अधिकारी चांगुलपणानं म्हणाले.

"एकच मिनिट," मी म्हणालो आणि हातात खडू तसाच घेऊन वर्गाबाहेर पडलो.

शिक्षकांचा संडास मैदानाच्या पलीकडे, विहिरीच्या मागे होता. मुलांनी वापरू नये म्हणून त्याला कुलूप असायचं आणि किल्ली शिपाई म्हमाणे मामांच्या कमरेला. मामांना सरांनी पाहुण्यांच्या सत्कारासाठी नारळ आणायला बाजारात पिटाळलं होतं. मी कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मी सत्तावीस वर्षांचा होतो, एम.एस्सी. झालेला होतो, आणि कुलूप मुठीत धरून उभा असताना तिथंच, भर दुपारी, सगळं झालं.

किती वेळ भिंतीला तोंड करून उभा होतो कोण जाणे. मामा आले. त्यांनी एकदा बघितलं, दार उघडलं, मला आत ढकललं, दोन बादल्या पाणी आणून ठेवलं. मग घंटेच्या खोलीत वाळत घातलेला स्वतःचा पायजमा आणून दाराच्या फटीतून आत दिला.

"काय खाल्लं होतं सर?" त्यांनी बाहेरून विचारलं.

मी उत्तर दिलं. "डब्यातलंच काहीतरी. भाजी बरी नव्हती."

एवढंच. विचार करून बोललो नव्हतो. काहीतरी कारण हवं होतं, एका दिवसाचं, बाहेरून आलेलं.

तो डबा केशरबाईंचा होता.

केशरबाई काशीद या पंचेचाळिशीच्या विधवा बाई. बार्शीत आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत राहायच्या. घरात दीर आणि धाकटी जाऊ शेवंता. शेवंता भाज्या निवडायची, चिरायची. भाकरी आणि फोडणी केशरबाईंची. आमच्या शाळेतल्या सात जणांना त्या डबा द्यायच्या. अकरा वाजता स्टाफरूमच्या फळीवर सात डबे मांडून जायच्या आणि चार वाजता रिकामे घेऊन जायच्या.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. पहिल्या आठ दिवसांत माझा डबा पाच वेळा भरलेलाच परत गेला. नवव्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सर, माझ्या हाताला चव न्हाई, का तुमच्या पोटाला आग?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तोवर मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही फक्त 'पित्त' म्हणायचो. सोलापूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या. म्हणाले, जंतू नाहीत, जखम नाही, आतडं चिडकं आहे. गोळ्या लिहून दिल्या, आयबीएस असं नाव सांगितलं, आणि म्हणाले, कशानं बिघडतं ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. मी शोधणार कसा? एसटीनं कुठं जायचं असलं की मी आदल्या दिवसापासून उपाशी राहायचो. सिनेमाला गेलो तर कडेची खुर्ची. लग्नाला जायचंच टाळायचो. कुठल्याही इमारतीत शिरलो की पहिल्यांदा डोळे संडास शोधायचे.

केशरबाईंनी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. "आमच्या सासऱ्यांना असंच हुतं," त्या म्हणाल्या. "धा वर्सं मीच काढली त्यांची. घाबरू नका. पर मी म्हणीन तेच खायचं."

"हे कुणाला कळता कामा नये," मी म्हणालो. "शाळेत तर नाहीच. तुमच्या घरीसुद्धा नको."

"बरं."

"नुसतं बरं नको. शपथ घ्या."

त्या थोड्या चमकल्या. मग म्हणाल्या, "ज्या भाकरीवर पोट हाय तिची शपथ. तुमच्या तोंडानं तुम्ही सांगस्तवर माझ्या तोंडून जाणार न्हाई. झालं?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याच्या कडीला पांढरा दोरा आला. आत वेगळं जेवण असायचं. पहिले पंधरा दिवस फक्त ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, वर पातळ ताक, भाजलेलं जिरं आणि चिमूटभर सुंठ. मग एकेक जिन्नस वाढवायचा. मुगाची डाळ, चार दिवस थांबायचं. दोडका, चार दिवस थांबायचं. सकाळी उपाशीपोटी चहा बंद. दूध बंद. कच्चा कांदा बंद. हरभऱ्याच्या डाळीचं सगळंच बंद. जेवायची वेळ ठरलेली, आणि जेवताना वही तपासायची नाही. पोट बिघडलं तर ते तोंडानं सांगायची मला लाज वाटायची, म्हणून त्यांनीच युक्ती काढली: त्या दिवशी वरची वाटी पालथी घालून डबा परत द्यायचा. पहिल्या महिन्यात वाटी नऊ वेळा पालथी गेली. चौथ्या महिन्यात एकदा.

दिवाळीला मी एसटीनं सोलापूरला गेलो, खिडकीशेजारी बसून, वाटेत शेंगदाणे खात. घरी पोहोचल्यावर आई म्हणाली, "तब्येत सुधारली रे तुझी." मला उगाचच फार मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

शाळेत मी सांगून ठेवलं होतं की मला जेवताना वाचायची सवय आहे. मी डबा घेऊन प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. माझ्या डब्यात काय असतं हे सहा जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आता त्या दिवसाचं राहिलेलं सांगतो. तपासणीचं पथक साडेदहाला आलं. बारबोले सरांनी त्यांच्यासाठी मिसळ मागवली होती, आणि वर मलई घातलेल्या घट्ट दुधाच्या कॉफीचे ग्लास. "उपळेकर, बसा साहेबांबरोबर. ओळख होऊ द्या." मी प्लेटकडे बघितलं. लाल तर्री, वर कच्चा कांदा, खाली फरसाण. साहेब म्हणाले, "घ्या की. लाजता काय मुलीसारखे?" सगळे हसले. 'मला चालत नाही' हे तीन शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. मी सगळी मिसळ खाल्ली, कॉफीही प्यायलो. मधल्या सुट्टीत भीतीनं भूक मेली होती आणि फळ्यावर आकृत्या काढून ठेवायच्या होत्या. सव्वादोनला पाठ सुरू झाला.

केशरबाईंचा डबा त्या दिवशी मी उघडलाच नव्हता.

पायजमा घालून मी स्टाफरूममध्ये कोपऱ्यात येऊन बसलो, तोवर माझं वाक्य माझ्या आधी तिथं पोहोचलं होतं. मामांनी ते वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. सरांनी विचारलं असणार, त्यांनी सांगितलं असणार.

बारबोले सर आले. चेहरा काळजीचा. "अहो, मला वाटलं पाठाला घाबरलात. डब्याचं झालं होय! साहेबांनाही तेच सांगितलं मी. चांगले आहेत, समजून घेतलं त्यांनी."

"वांगं मलाही जरा आंबूसच लागलं होतं," पाटोळेबाई म्हणाल्या. त्या मराठी शिकवायच्या.

काझी सरांनी पोटावरून हात फिरवला. "तरीच. दुपारपासून मला मळमळतंय."

मी ऐकत होतो. सुट्टीत खडू घ्यायला आलो तेव्हा दोघांनी भाजी चाटूनपुसून खाल्लेली मी पाहिली होती. काझी सरांनी तर पाटोळेबाईंची उरलेली भाकरी मागून घेतली होती. 'नाही हो, तसं काही नाही,' एवढं म्हणायची ती वेळ होती. मग त्यांनी विचारलं असतं, मग कशानं? आणि मग मला सांगावं लागलं असतं की हे माझं रोजचं आहे, उद्याही होऊ शकतं, वर्गात होऊ शकतं. प्रोबेशनवरच्या मास्तराला अशा आजारासकट कोण कायम करतो? आणि मुलं! मुलांनी काय नाव ठेवलं असतं मला?

चार वाजता केशरबाई आल्या. हातात दोन मोठ्या पिशव्या. त्यांनी फळीवरचे डबे एकेक करून पिशवीत टाकायला सुरुवात केली. रिकाम्या डब्यांचा खडखडाट होत होता. मग त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचा डबा उचलला आणि त्यांचा हात मध्येच थांबला. डबा जड होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावरचा मामांचा आखूड पायजमा बघितला. त्यांना सगळं कळलं, मला वाटतं, त्याच क्षणी.

"केशरबाई, थांबा जरा," बारबोले सर म्हणाले. "आज काय भाजी होती?"

"वांगं."

"ताजं होतं?"

"अकराला पोचलं की सर हितं. फोडणी धा वाजता दिली."

"उपळेकरांना फार त्रास झाला. साहेब वर्गात बसलेले असताना पाठ सोडून जावं लागलं. शाळेची अब्रू गेली असती." सरांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "काझी सरांनाही मळमळतंय. बाईंनाही वास आला. उपळेकरांच्या डब्यात तीच भाजी होती ना?"

केशरबाईंच्या हातात तो डबा होता. अंगठा कडीवर होता. नुसती कडी सरकवायची होती. वरच्या वाटीत ताक, खाली कण्या, सगळं जसंच्या तसं. वांग्याचं नावसुद्धा नव्हतं त्यात. एका शब्दानंही काम भागलं असतं: बघा.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तीच भाजी. सगळ्यास्नी एकच असती."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा. वास हुता का भाजीला?"

त्यांनी मला संधी दिली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, नंतर विचार करून नव्हे. शपथेच्या आत राहून त्यांना जेवढं करता येत होतं तेवढं त्यांनी केलं होतं. पुढचं माझ्यावर होतं. स्टाफरूममधला पंखा घरघरत होता. मी पायजम्याच्या नाडीकडे बघत होतो.

"होता," मी म्हणालो. "थोडा."

केशरबाईंनी डबा पिशवीत ठेवला, अगदी खाली, आणि त्यावर रिकामे डबे रचले.

"उन्हानं झालं असंल," त्या म्हणाल्या. "चुकलं असंल काहीतरी." आणि पिशव्या उचलून गेल्या. एक पिशवी दुसरीपेक्षा खाली लोंबत होती. दाराबाहेर त्यांनी ती हात बदलून घेतली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, तपासणी झाली म्हणून शाळेला सुट्टी होती. सकाळी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्यांच्या दारात शेवंता बसली होती, पुढ्यात टोपलीभर वांगी, एकेक उलटून बघत होती. मी परत फिरलो. मनाशी ठरवलं, आधी सोमवारी बारबोले सरांना खरं सांगायचं आणि मगच त्यांना तोंड दाखवायचं. दोन दिवस मी ते वाक्य पाठ केलं. सर, मला जुना आजार आहे, त्या बाईंचा दोष नाही.

सोमवारी मी केबिनमध्ये शिरलो तर सर उठून उभे राहिले.

"या, या! पेढे द्या. साहेबांचा शेरा आला." त्यांनी कागद वाचून दाखवला. नमुना पाठाची मांडणी स्पष्ट होती. सदर शिक्षक अन्नातून बाधा झालेली असतानाही कर्तव्यावर उभे राहिले, ही बाब उल्लेखनीय आहे. सेवेत कायम करण्यास हरकत नाही. "अन्नातून बाधा मीच सांगितलं होतं त्यांना. काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही काहीतरी बोलायला आला होतात."

"विशेष काही नाही सर."

डबे सगळ्यांचेच बंद झाले. शाळेचं ऐकून शेजारच्या वसतिगृहातल्या मुलींनीही बंद केले. बार्शी काही फार मोठं गाव नाही. जून उजाडायच्या आत केशरबाई घर सोडून वैरागला कुणा नातेवाइकाकडे गेल्याचं मामांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. मामांना किती माहीत होतं, ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

मी स्टोव्ह घेतला आणि स्वतः कण्या शिजवायला लागलो. त्यांनी सांगितलेलं सगळं पाठ होतं. काय चालतं, काय नाही, कुठल्या जिनसानंतर किती दिवस थांबायचं. पोट बरं राहिलं. पुढं माझं लग्न झालं तेव्हा बायकोनं विचारलं, "हे पथ्याचं सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "आईनं."

सहा वर्षं अशीच गेली.

मे महिन्यात पाटोळेबाईंच्या मुलीचं लग्न वैरागला होतं. मंगल कार्यालय नवं होतं. आम्ही शाळेतले सगळे एका रांगेत जेवायला बसलो. माझ्या डाव्या हाताला निवृत्त झालेले बारबोले सर, उजव्या हाताला काझी सर. ताटात बासुंदी, मसालेभात, भरली वांगी. मी पोळीचे तुकडे मोडत बसलो होतो.

कुणीतरी माझ्या ताटात एक वाटी ठेवली. मऊ भात, वर पातळ ताक, भाजलेलं जिरं. मी वर बघितलं. केशरबाई. केस पांढरे झालेले, कमरेला ओलं फडकं खोचलेलं. ओळखीचं हसल्याही नाहीत. वाटी ठेवली आणि वळून मागच्या दारानं आत गेल्या.

"ह्या त्याच की हो," बारबोले सर म्हणाले. "डबेवाल्या. केटररसुद्धा हल्ली कुणालाही कामावर ठेवतात. उपळेकर, जपून बरं का! पुन्हा पायजमा मागावा लागेल."

रांगेतले दोघंतिघं हसले. काझी सरही हसले. मी त्या वाटीकडे बघत होतो. मला वांगं, बासुंदी चालणार नाही हे त्या माऊलीला सहा वर्षांनंतरही आठवत होतं, आणि पंगतीत भिंतीला टेकून बसलेला मी त्यांना आतून दिसलो होतो.

"सर, त्या दिवशी मी डबा उघडला नव्हता," मी म्हणालो.

"कुठला डबा?"

"तो. तपासणीच्या दिवशीचा. मी तुमच्याबरोबर मिसळ खाल्ली होती. मला पोटाचा आजार आहे, कॉलेजपासून. केशरबाई मला वेगळं पथ्याचं द्यायच्या. माझ्या डब्यात वांगं नसायचंच. त्या दिवशी तो भरलेला डबा त्यांच्या हातात होता, तुमच्यासमोर. मी खोटं बोललो."

माझा आवाज मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या रांगेतली माणसं बघायला लागली. काझी सरांचा घास हातातच राहिला. "मग मला मळमळत होतं ते?" त्यांनी अगदी खरेपणानं विचारलं.

बारबोले सरांनी घसा खाकरला. "बरं, बरं. झालं गेलं. लग्नघरात कशाला हा विषय? जेवा तुम्ही."

मी भरल्या ताटावरून उठलो. तसं उठू नये. हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारानं बाहेर गेलो.

मागे पत्र्याच्या शेडखाली भांड्यांचा ढीग होता. नळाखाली केशरबाई पातेलं घासत होत्या. थोड्या अंतरावर पाठमोरी दुसरी बाई परातींना राख लावत होती.

"केशरबाई," मी म्हणालो.

"भात कमी पडला का?"

"नाही. मी सांगितलं आत. बारबोले सरांना, काझी सरांना, सगळ्यांसमोर. डबा उघडला नव्हता ते."

त्यांचा हात थांबला नाही. "आन् पोटाचं?"

"तेही सांगितलं."

आता हात थांबला. "तुमच्या तोंडानं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मायेनंही नाही. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे माणूस तपासून बघतो तसं. मग पातेलं खाली ठेवून त्यांनी कमरेच्या फडक्याला हात पुसले.

"म्हंजी मी मोकळी झाली," त्या म्हणाल्या. मला कळलं नाही. त्यांनी मान वळवून हाक मारली. "शेवंते, नळ बंद कर. हिकडं ये."

पाठमोरी बाई उठली. शेवंताच होती ती. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल, पण ओळखू येत नव्हती, इतकी वाळली होती. मला बघितल्याबरोबर तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि समोर येऊन खाली मान घालून उभी राहिली.

"सर, तुम्ही व्हय," ती म्हणाली. "लई दिवस वाटत हुतं, कधी भेटलात तर सांगावं. चूक माझी हुती. वांगी मी आदल्या दिशी सांजच्यालाच चिरून ठेवली हुती. पाण्यात ठेवायची इसरली. आक्काचा काय दोष न्हवता. बोलणी मात्र तिनं खाल्ली."

मी केशरबाईंकडे बघितलं.

"सा वर्सं सांगतीया मी तिला, तुझं चुकलं न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "ती म्हंती, मग कुणाचं चुकलं? त्ये मला सांगता येत न्हवतं. भाकरीची शपथ हुती. दीरानं तिला माहेरी धाडली ह्याच्यापायी, घरादाराचं वाटोळं केलंस म्हणून. दोन वर्सांनी मीच जाऊन घेऊन आले." त्या थोड्या बाजूला झाल्या. "आता तुम्ही सांगा तिला. मी न्हाई सांगायची. तुम्ही सांगा."

आतून मंगल कार्यालयात पंगतीचे श्लोक ऐकू येत होते. मी सांगितलं. पंगतीत बोलताना जे सरसर आलं होतं ते इथं अडखळत आलं. आजार, शपथ, मिसळ, कुलूप, न उघडलेला डबा. शेवंतानं सगळं ऐकलं. तिच्या हाताला कोपरापर्यंत राख होती आणि ती ते हात अंगापासून लांब धरून उभी होती.

"म्हंजी वांगी नासली न्हवती?" तिनं विचारलं.

"नाही. सगळ्यांनी खाल्ली. कुणाला काही झालं नाही."

ती केशरबाईंकडे वळली नाही, त्यांना काही विचारलं नाही. माझ्याकडेच बघत तिनं पुन्हा तेच विचारलं, "नासली न्हवती?"

"नाही."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी तिच्या राखेनं माखलेल्या हातांकडे बघत होतो. उत्तर केशरबाईंनी दिलं.